कवचाचा दुसरा धनी

मनुष्याने घडविलेल्या बहुतेक वस्तूंची किंमत वापराबरोबर उतरत जाते आणि पहिल्या धन्याने टाकलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती पडते ती झिजलेलीच पडते. परंतु किरणोत्सर्गापासून रक्षण करण्यासाठी उभारलेल्या कवचाची गोष्ट या सामान्य नियमाहून निराळी आहे. ज्या यंत्राभोवती ते कवच रचलेले असते ते यंत्र पाचपंचवीस वर्षांत कालबाह्य होते, त्याच्या नळ्या निकामी होतात, त्यातील किरणोत्सारी द्रव्य क्षीण होते, त्याच्यावर काम करणारे शास्त्रज्ञ निवृत्त होतात. पण भोवतालचे शिसे, पोलाद आणि काँक्रीट मात्र पहिल्या दिवशी होते तितकेच घन, तितकेच जड आणि तितकेच कार्यक्षम राहते. प्रयोगशाळांतून सर्वत्र आढळणारी शिशाची वीट दोन इंच जाड, चार इंच रुंद आणि आठ इंच लांब असते व तिचे वजन सुमारे १२ किलो भरते. अशी वीट शंभर वर्षांनी उचलली तरी ती १२ किलोच भरेल आणि गॅमा किरणांना तितकाच अडसर करील. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पहिल्या पिढीतील त्वरक, अणुभट्ट्या आणि कोबाल्ट-यंत्रे एकामागून एक बंद पडू लागली तेव्हा, त्यांच्यामागे उरलेल्या या अवजड मालमत्तेला नवा धनी कोण, हा प्रश्न जगभर उभा राहिला. त्या प्रश्नाचा इतिहास वाचताना माझी अशी खात्री झाली आहे की, कवचाची खरी किंमत त्याच्या वजनात नसून त्याच्या दप्तरात असते. ते कोठे घडले, कशाजवळ उभे होते, त्याच्या पोटात काय होते आणि ते कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात गेले, याची अखंड नोंद असेल तर जुने कवच सोन्याच्या मोलाचे ठरते. ती नोंद तुटली की तेच कवच माणसे मारते.

येथे प्रथम एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. किरणांना अडविणारी वस्तू स्वतः किरणोत्सारी होते, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ यांच्या गॅमा किरणांत अणूचे केंद्रक पालटण्याइतकी शक्ती नसते. त्यामुळे रुग्णालयातील कोबाल्ट-यंत्राचे शिसे तीस वर्षे त्या किरणांना अडवूनही, आतील द्रव्य सुखरूप काढून नेले आणि पृष्ठभागावर त्याचा कण चिकटलेला नाही याची तपासणी झाली, की साधे शिसेच राहते. न्यूट्रॉनांची गोष्ट वेगळी. ते केंद्रकात शिरतात आणि पोलादातील कोबाल्टाचा व काँक्रीटमधील युरोपियमचा जो अल्पसा अंश असतो त्याला किरणोत्सारी करून सोडतात. म्हणून अणुभट्टीच्या गाभ्यालगतचे काँक्रीट आणि तिच्या बाहेरच्या अंगाचे काँक्रीट एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून ओतलेले असले तरी चाळीस वर्षांनंतर त्यांची योग्यता एक राहत नाही. डोळ्यांना हा भेद दिसत नाही, हाताला लागत नाही, वजनात उतरत नाही; तो उपकरणाला कळतो किंवा कागदाला.

या व्यवहाराचा आरंभ मात्र प्रयोगशाळेत झाला नाही. तो समुद्रात झाला. पहिले महायुद्ध संपल्यावर जर्मन आरमारातील ७४ जहाजे स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांमधील स्कापा फ्लो या विस्तीर्ण बंदरात नजरकैदेत ठेवण्यात आली होती. तहाच्या वाटाघाटी चालू असताना ती ब्रिटिशांच्या हाती पडू नयेत या हेतूने अॅडमिरल लुडविग फोन रॉयटर याने २१ जून १९१९ रोजी ती बुडविण्याची आज्ञा दिली आणि त्या एका दिवसात ५२ जहाजे तळाला गेली. पुढे १९२४ पासून अर्नेस्ट कॉक्स नावाच्या धाडसी भंगार-व्यापाऱ्याने त्यांतील बरीच जहाजे वर काढली व मोडीत विकली. त्या वेळी त्या पोलादाची किंमत पोलाद म्हणून जी असेल तितकीच होती. परंतु १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली, त्यामागून वातावरणात शेकडो स्फोट झाले, आणि त्यानंतर जगात जे जे पोलाद तयार झाले त्या प्रत्येकात, भट्टीत फुंकलेल्या हवेबरोबर व प्राणवायूबरोबर, स्फोटांच्या किरणोत्सारी धुळीचा अंश मिसळत गेला. शिवाय भट्टीच्या अस्तराची झीज मोजण्यासाठी त्याच्या विटांतून कोबाल्ट-६० ठेवण्याची पद्धत पडली, तिचाही अंश धातूत उतरला. बांधकामाला किंवा रेल्वेच्या रुळाला या अंशाने काहीच बाधा येत नाही. पण मनुष्याच्या देहात श्वासावाटे वा अन्नावाटे गेलेले किरणोत्सारी द्रव्य मोजावयाचे असेल, तर ज्या पोलादी खोलीत त्याला निजवावयाचे ती खोली स्वतः मूक असली पाहिजे. अशा खोलीसाठी १९४५ पूर्वीचे पोलाद हवे होते आणि ते विपुल प्रमाणात, एकसंध जाड पत्र्यांच्या रूपाने, जुन्या युद्धनौकांत होते. समुद्राच्या पाण्याने ते धुळीपासून झाकून ठेवले होते. स्कापा फ्लोच्या तळाशी राहिलेल्या जहाजांतूनही यासाठी थोडे थोडे पोलाद काढले गेले. आज तेथे उरलेल्या तीन युद्धनौका आणि चार हलक्या क्रूझर २००१ पासून संरक्षित स्मारके आहेत.

अमेरिकेत हाच मार्ग निराळ्या प्रकारे अनुसरला गेला. दुसऱ्या महायुद्धात लढलेली ‘इंडियाना’ ही युद्धनौका १९६३ साली मोडीत निघाली तेव्हा तिच्या चिलखताचे पत्रे इलिनॉय आणि यूटा येथील वैद्यकीय केंद्रांत देहातील किरणोत्सर्ग मोजणाऱ्या खोल्यांसाठी वापरण्यात आले. ज्या चिलखताने तोफगोळे अडवावयाचे, त्यानेच आता अंतरिक्षातून आणि भूमीतून येणारे किरण अडवावेत, ही योजना मला फार समर्पक वाटते.

परंतु मोडीत निघालेल्या युद्धनौकांच्या पोलादाचा सर्वांत कीर्तिमान उपयोग न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत झाला. तेथील नव्या त्वरकावर लिऑन लेडरमन, मेल्विन श्वार्ट्झ आणि जॅक स्टाइनबर्गर यांना न्यूट्रिनो या कणाची परीक्षा करावयाची होती. न्यूट्रिनो इतका अलिप्त की, तो पृथ्वीच्या आरपार निघून जातो. म्हणून त्याला एकटा पाडण्याचा उपाय एवढाच की, त्याच्याबरोबर जन्मणाऱ्या सर्व कणांच्या वाटेत अशी भिंत उभी करावी जिच्यातून फक्त तोच पार होईल. त्यासाठी साडेतेरा मीटर जाडीची पोलादी भिंत लागली. इतके पोलाद नवे विकत घेणे कोणत्या विद्यापीठाला परवडणार? ते मोडलेल्या युद्धनौकांच्या पत्र्यांतून उभे राहिले. त्या भिंतीपलीकडे अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचे दहा टनांचे यंत्र ठेवले होते, आणि १९६२ साली त्यात उमटलेल्या मोजक्या रेषांवरून न्यूट्रिनो एका जातीचा नसून निदान दोन जातींचा आहे, हे सिद्ध झाले. १९८८ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थविज्ञानाच्या ग्रंथांत या प्रयोगाची युक्ती सविस्तर सांगितलेली असते, भिंतीचे पोलाद कोठून आले हे एका वाक्यात आटोपलेले असते. मला मात्र ते वाक्य त्या प्रयोगाच्या हृदयस्थानी आहे असे वाटते, कारण ते पोलाद स्वस्त मिळाले नसते तर ती युक्ती कागदावरच राहण्याचा संभव होता.

मुंबईकर वाचकाला या ठिकाणी आपल्या पूर्व किनाऱ्याची आठवण व्हावी. रे रोडच्या बाजूला दारूखाना नावाचा जो भाग आहे तेथे जहाजे मोडण्याचा धंदा जुना आहे, आणि त्याच किनाऱ्याने उत्तरेकडे गेले की ट्रॉम्बे लागते, जेथे १९५६ साली ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या काही अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी कार्यान्वित झाली आणि जेथे देहातील किरणोत्सर्ग मोजण्याची पोलादी खोलीही आहे. कवचाचे पोलाद ज्यांतून निघते ती जहाजे आणि कवचाची गरज ज्यांना असते त्या प्रयोगशाळा एकाच शहराच्या एकाच किनाऱ्यावर आहेत, असे स्थान जगात फार नसेल. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रान्त’ हिचा सांगाडा ब्रिटनमध्ये १९४३ च्या ऑक्टोबरात घालण्यात आला आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजी ती ‘हर्क्युलीस’ या नावाने पाण्यात उतरली. अर्थात तिच्या देहाचे बहुतेक पत्रे न्यू मेक्सिकोतील त्या स्फोटापूर्वीच भट्टीतून बाहेर पडले असले पाहिजेत. २०१४ साली ती दारूखान्यात मोडली गेली आणि तिच्या धातूचा काही भाग एका मोटारसायकलीच्या टाकीसाठी वापरला गेला, हे सर्वश्रुत आहे. तिचे पत्रे मापनाच्या खोलीसाठी राखून ठेवावयास हवे होते असा आग्रह मी धरीत नाही. कारण १९६३ च्या चाचणीबंदी-करारानंतर वातावरणातील धूळ क्रमाक्रमाने विरली आहे, आणि पुष्कळशा कामांना आजचे निवडक पोलादही चालते. तरीपण अशा जहाजाचा लिलाव पुकारला जातो तेव्हा त्याच्या जाहिरातीत टनांच्या आकड्याबरोबर पोलाद ओतल्याचे वर्षही नमूद व्हावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. ते वर्ष लिहिण्यास एक ओळ पुरते, आणि एकदा पत्रे कापून ढिगात मिसळले की ती ओळ कोणालाही पुन्हा लिहिता येत नाही.

पोलादाहून शिशाची कथा अधिक प्राचीन आणि अधिक सूक्ष्म आहे. खनिजातून नुकतेच काढलेले शिसे शुद्ध दिसले तरी त्यात शिसे-२१० नावाचे एक किरणोत्सारी भावंड असते. खनिजातील युरेनियमच्या वंशपरंपरेतून ते जन्मते. धातू गाळताना युरेनियम व रेडियम मळीबरोबर वेगळे होतात, पण शिसे-२१० हे शिसेच असल्यामुळे रसायनशास्त्राच्या कोणत्याही उपायाने ते अलग करता येत नाही. त्याला एकच औषध आहे आणि ते म्हणजे काळ. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचे. तेव्हा दोनशे वर्षांत त्याचा पाचशेवा हिस्सा उरतो आणि दोन हजार वर्षांत काहीच उरत नाही. याचमुळे जुन्या चर्चच्या छपरांवरचे, बुडालेल्या गलबतांच्या पोटातले आणि शतकांपूर्वी गाळलेले शिसे प्रयोगशाळांनी धुंडाळण्यास प्रारंभ केला.

इटलीच्या सार्डिनिया बेटाजवळ माल दि वेंत्रे नावाचे एक लहान बेट आहे. त्याच्या परिसरात समुद्रतळाशी ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील एक रोमन गलबत १९८० नंतरच्या दशकात सापडले, आणि त्यात शिशाच्या एक हजाराहून अधिक लगडी होत्या. प्रत्येक लगड सुमारे ३३ किलोची. स्पेनमधील कार्ताहेनाच्या डोंगरांतील खाणींतून निघालेले हे शिसे रोमकडे चालले असताना गलबत बुडाले, आणि दोन सहस्रके ते तीसेक मीटर पाण्याखाली पडून राहिले. मिलान येथील पदार्थवैज्ञानिक एत्तोरे फिओरिनी यांना या शोधाची वार्ता लागली तेव्हा त्यांनी जे केले ते मला विद्वत्तेइतकेच व्यवहारज्ञानाचे उदाहरण वाटते. पुराणवस्तु-खात्यापाशी उत्खननासाठी पैसा नव्हता आणि पदार्थवैज्ञानिकांना शिसे हवे होते. इटलीच्या राष्ट्रीय अणुकेंद्रीय-भौतिकी संस्थेने उत्खननाच्या खर्चास हातभार लावावा आणि मोबदल्यात काही लगडी घ्याव्यात, असा करार झाला. २०१० साली त्यांतील आणखी १२० लगडी, सुमारे चार टन, ग्रान सास्सो पर्वताच्या पोटात १४०० मीटर खडकाखाली असलेल्या प्रयोगशाळेत ‘क्वोरे’ या प्रयोगासाठी पोहोचल्या. न्यूट्रिनो हा स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे काय, या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी टेल्युरियम ऑक्साइडचे स्फटिक निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानावर ठेवून तो प्रयोग चालतो, आणि त्या स्फटिकांभोवती रोमन शिसे वितळवून घडविलेले कवच आहे.

हे घडत असताना पुरातत्त्वज्ञांनी आक्षेप घेतला की, प्राचीन वारसा भट्टीत घालणे हे कोणत्याही प्रयोगाने समर्थनीय ठरत नाही; सागरतळाच्या वारशाच्या संरक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला त्यात व्यापारी हेतूने असा वारसा काढण्यास मनाई आहे, पण विज्ञानासाठी तो खर्ची घालण्याविषयी स्पष्ट नियम नाही. या वादात दोन्ही पक्षांविषयी मला आदर आहे. परंतु प्रत्यक्षात जी तोड निघाली तिच्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. लगडींवर खाणमालकांचे ठसे होते, त्यांत पोंटिलिएनी नावाच्या घराण्याचा ठसा वारंवार येतो. वितळविण्यापूर्वी ते ठसे असलेला भाग कापून जतन करण्यात आला आणि नाव नसलेले शिसे तेवढे भट्टीत गेले. ज्या ठशावरून शिशाची खाण, काळ आणि मार्ग निश्चित झाला, ज्याच्या आधारे त्यात शिसे-२१० उरले नसणार असा विश्वास प्रथम बसला, तो ठसा म्हणजेच त्या शिशाचे दप्तर होते. ते दप्तर सुरक्षित ठेवून मगच मालाला नव्या धन्याच्या स्वाधीन केले गेले. हस्तांतराची याहून शहाणी रीत मला ठाऊक नाही.

कवच नेहमी जंगमच असते असेही नाही. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरांहूनही खोल गेल्या होत्या, आणि जे खडकाचे थर खाणवाल्यांच्या दृष्टीने केवळ अडथळा होते ते अंतरिक्ष-किरणांचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला आयते कवच वाटले. बी. व्ही. श्रीकांतन, एम. जी. के. मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जपानमधील ओसाका व इंग्लंडमधील डरहॅम येथील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने, १९६५ साली तेथे सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. पण या कवचाचा पहिला धनी खाण-कंपनी होती, आणि पाणी उपसणारे पंप तिचे होते. सोने परवडेनासे झाले, प्रयोग १९९२ च्या सुमारास थांबले, आणि २००१ साली खाणीच बंद झाल्या. त्या खाणींत आज पाणी भरले आहे. अमेरिकेतील होमस्टेक खाणीचेही सोने असेच संपले, परंतु तेथे पुढे भूगर्भ-प्रयोगशाळा उभारण्यात आली. खडक दोन्हीकडे तितकाच उत्तम होता; एका ठिकाणी दुसऱ्या धन्याची तजवीज झाली, दुसऱ्या ठिकाणी झाली नाही, आणि या गोष्टीची खंत मला आजही वाटते.

इंग्लंडात रदरफर्ड प्रयोगशाळेतील ‘निमरॉड’ हा त्वरक १९७८ साली बंद झाल्यावर त्याच्याच इमारतीत, त्याची व डेअर्सबरी येथील एका त्वरकाची कितीएक सामग्री वापरून, ‘आयसिस’ हा न्यूट्रॉनांचा स्रोत उभा राहिला आणि डिसेंबर १९८४ मध्ये त्यातून पहिले न्यूट्रॉन निघाले. एकाच संस्थेच्या आवारात एकाच दप्तराखाली झालेले हे हस्तांतर सर्वांत सोपे, म्हणून त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू. मेक्सिकोच्या सिउदाद हुआरेस शहरातील एका खाजगी रुग्णालयाने १९७७ साली अमेरिकेतून एक कोबाल्ट-यंत्र दुसऱ्या हाताने विकत घेतले. यंत्र उत्तम होते, किंमत माफक होती; परंतु त्याच्या आयातीचा परवाना मेक्सिकोच्या सरकारी दप्तरात नव्हता आणि ते चालविणारा तज्ज्ञही रुग्णालयाजवळ नव्हता. सहा वर्षे ते गोदामात पडून राहिले. डिसेंबर १९८३ मध्ये एका कामगाराने त्याचा मुख्य भाग भंगाराच्या अड्ड्यावर विकला. त्यातील डबी फुटून कोबाल्ट-६० च्या सहा हजार बारीक गोळ्या भंगारात विखुरल्या, भंगार भट्टीत गेले, आणि त्यातून टेबलांचे पाय व घरबांधणीच्या सळया तयार झाल्या. हे उघडकीस आले ते केवळ योगायोगाने: १६ जानेवारी १९८४ रोजी त्या सळया वाहून नेणारा एक ट्रक वाट चुकून लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेपाशी आला आणि तेथील किरणमापक वाजू लागले. तो ट्रक योग्य वाटेने गेला असता तर त्या सळयांची घरे आणखी किती काळ तशीच नांदती राहिली असती, या विचाराने मन अस्वस्थ होते.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली घडले ते याहून दारुण. जागा सोडून गेलेल्या एका उपचार-संस्थेने सीझियम-१३७ चे यंत्र मागेच ठेवले होते. १३ सप्टेंबर रोजी दोन माणसांनी त्याच्या जड आवरणाच्या लोभाने ते उचलून नेले, उघडले, आणि भंगारवाल्याला विकले. अंधारात निळसर चमकणारी पूड कौतुकाने आप्तेष्टांना वाटण्यात आली. चार जीव गेले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती, आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. या माणसांना हवे होते ते शिसे आणि पोलाद. ज्या जडपणाने ते कवच रक्षण करीत होते त्याच जडपणाने ते बाजारात मोलाचे ठरले.

आणि दिल्ली. तेथील विद्यापीठात कॅनडात बनलेले ‘गॅमासेल’ हे संशोधनाचे यंत्र १९८५ पासून बंद होते. त्याची माहिती असणारे अध्यापक निवृत्त झाले, आणि २०१० च्या फेब्रुवारीत इतर निरुपयोगी सामानाबरोबर ते लिलावात निघाले. मायापुरीच्या भंगार-बाजारात त्याचे शिसे सोडविण्यासाठी कामगारांनी ते फोडले, कोबाल्टच्या कांड्या मोकळ्या झाल्या, आणि एप्रिलमध्ये अंगावर भाजल्याच्या खुणा घेऊन ते रुग्णालयांत दाखल झाले. सातजण आजारी पडले, त्यांतील एक मरण पावला. मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाने यानंतर देशभरातील जुन्या स्रोतांच्या नोंदी तपासण्यास सुरुवात केली. यंत्र विकणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या अलमारीत त्या यंत्राचा कागद होता आणि ज्या खोलीत यंत्र होते, त्यांच्यामध्ये पंचवीस वर्षांत कोणी ये-जा केली नाही, हे सत्य आहे. आपल्याकडे एक गुंठा जमीन घ्यावयाची तर शेतकरी प्रथम सातबारा मागतो, आणि फेरफारात एक नाव गळलेले दिसले तर व्यवहार थांबवितो; ज्या वस्तूच्या पोटात मृत्यू असू शकतो तिच्या खरेदी-विक्रीला तितकीही चौकशी झाली नाही. मायापुरीतल्या त्या कामगाराला वाचता आले असते असा हिंदीत कोरलेला एक धातूचा पत्रा त्या यंत्राच्या अंगावर, रंगाने न झाकता, कायम ठोकलेला असावयास हवा होता. हे मागणे मी आजही मागतो, आणि केवळ दिल्लीपुरते मागत नाही. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील रुग्णालयांत आणि महाविद्यालयांत जुनी यंत्रे आहेत.

काही कवचे तर स्वतःच परवान्याची वस्तू असतात. कोबाल्ट-यंत्रांच्या शीर्षभागात आणि कारखान्यांतील जोड तपासणाऱ्या किरण-छायाचित्रणाच्या पेट्यांत शिशाऐवजी पुष्कळदा क्षीणित युरेनियम वापरतात, कारण ते शिशाहून बरेच घन असते आणि थोड्या जागेत अधिक रक्षण करते. अशा पेटीतील स्रोत काढून नेला तरी तिचे आवरण भंगार होत नाही. ते अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेतच राहते. हे न जाणणाऱ्याला ती पेटी रिकामी वाटते.

अमेरिकेत ओक रिज येथील युरेनियम समृद्ध करणाऱ्या प्रचंड कारखान्यांतून हजारो टन निकेल आणि पोलाद निघाले तेव्हा ते शुद्ध करून खुल्या बाजारात विकण्याची योजना झाली. पोलाद-उत्पादक, कामगार-संघटना आणि नागरिक यांनी तिला तीव्र विरोध केला, आणि २००० साली ऊर्जामंत्री बिल रिचर्डसन यांनी किरणोत्सारी क्षेत्रांतील धातू बाजारात सोडण्यास मनाई केली. मला हा निर्णय रास्त वाटतो, यद्यपि त्या धातूतील अंश अत्यल्प होता हे त्याच्या विक्रेत्यांचे म्हणणे खोटे नव्हते. कारण स्वयंपाकाचे भांडे घेणाऱ्या गृहिणीजवळ त्या अंशाचे दप्तर पोहोचणे शक्यच नव्हते. मग त्या धातूचे करावे काय? टेनेसीतील एका भट्टीत असे किंचित दूषित पोलाद वितळवून त्याचे मोठमोठे ठोकळे ओतण्यात आले आणि ते शिकागोजवळच्या फर्मी प्रयोगशाळेतील न्यूट्रिनो-प्रयोगासारख्या ठिकाणी कवच म्हणून रचले गेले. जेथे कवचाच्या आतली बाजू तशीही किरणोत्सारी होणारच आहे, तेथे त्या ठोकळ्यातील अंशाने काही बिघडत नाही. आणि त्याला जागा देणारी संस्था त्याची नोंद ठेवण्यास बांधलेली असते. माल आणि धनी यांची योग्यता जुळविण्याचे कौशल्य ते हेच.

अशा जुळणीचे जे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे ते कॅनडातील. ऑन्टारियो प्रांतात डीप रिव्हर येथे अंतरिक्ष-किरण मोजणारे एक केंद्र होते, आणि त्याच्या न्यूट्रॉन-मापकाभोवती शिशाचे जाड थर होते. ते केंद्र बंद झाल्यावर त्यातील ७९ टन शिसे सडबरी येथील निकेलच्या खाणीत, दोन किलोमीटर खोल असलेल्या प्रयोगशाळेत नेण्यात आले; तेथे पूर्वीच्या एका न्यूट्रिनो-प्रयोगाचे हेलियम-३ भरलेले मापकही मोकळे झाले होते. एका प्रयोगाचे शिसे आणि दुसऱ्याचे मापक एकत्र करून ‘हेलो’ हे यंत्र तयार झाले व २०१२ पासून ते अखंड जागे आहे. आपल्या आकाशगंगेत एखाद्या ताऱ्याचा महास्फोट झाला तर त्याचे न्यूट्रिनो शिशाच्या केंद्रकांवर आदळून न्यूट्रॉन सोडतील, आणि ते या यंत्रात मोजले जातील. येथे शिशाने आपले कर्तव्यच बदलले आहे: ते आता अडवीत नाही, ते टिपते.

ग्रान सास्सोच्या बोगद्यात ‘ऑपेरा’ या प्रयोगासाठी रचलेल्या दीड लाख विटांतही शिसेच होते. प्रत्येक वीट ८.३ किलोची, एक मिलिमीटर जाडीचे ५६ शिशाचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये छायाचित्रण-पायसाच्या फिती. सातशे तीस किलोमीटर दूर जिनीव्हाहून सोडलेल्या न्यूट्रिनोंचे टाऊ जातीत झालेले रूपांतर त्यांत नोंदले गेले. प्रयोग संपल्यावर उरलेल्या त्या शिशातील एक हजार टन घेऊन, त्याच पर्वताखाली, ‘हेलो’च्याच धर्तीवर एक बारापट मोठे यंत्र उभारण्याचा प्रस्ताव शास्त्रज्ञांनी मांडला. ते शिसे कोणत्या कारखान्यात ओतले, त्याची शुद्धता किती, ते किती वर्षे खडकाखाली होते, याचा तपशील त्या प्रयोगशाळेच्याच वहीत आहे, आणि ते डोंगराबाहेर काढण्याचीही आवश्यकता नाही.